ध्वनिमुद्रिका-सूची

प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांची कलाकार, रचना, प्रकाशक कंपनी, क्रमांक, मुद्रणाचे स्थळ व काळ आणि नंतरची पुनःप्रकाशने यांनुसार केलेली पद्धतशीर नोंद. तबकडी, कॅसेट, सीडी व डिजिटल प्रकाशन या सर्वांच्या सूची होतात. तथापि या शास्त्राची पद्धती घडली ती मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर, आणि प्रस्तुत नोंदीतही भर त्यांच्यावर, विशेषतः भारतीय तबकड्यांवर आहे. कंपनीने विक्रीसाठी छापलेली यादी म्हणजे सूची नव्हे. विक्रीच्या यादीत त्या महिन्यात बाजारात असलेला माल येतो. मुद्रित होऊनही प्रसिद्ध न झालेले, बाजारातून काढून घेतलेले किंवा दुसऱ्या लेबलवर पुन्हा निघालेले गाणे तीत सापडत नाही. म्हणून सूचीकाराने छापील यादीपेक्षा प्रत्यक्ष तबकडीला आणि तबकडीवरील कागदी लेबलपेक्षा तिच्यावर कोरलेल्या क्रमांकाला अधिक प्रमाण मानावे, हे उत्तम.

उगम : कंपन्यांच्या याद्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून निघत होत्या. संशोधनाचे साधन म्हणून सूची केव्हा रूढ झाली, याबद्दल मात्र एकवाक्यता नाही. सामान्यतः १९३६ हे वर्ष दिले जाते. त्या वर्षी पॅरिसमध्ये शार्ल दलोने याची आणि लंडनमध्ये हिल्टन श्लेमन याची अशा जॅझ ध्वनिमुद्रणांच्या दोन स्वतंत्र सूची प्रसिद्ध झाल्या. मान बहुधा दलोने याच्याकडे जातो, आणि नंतरच्या सूचीकारांवरील त्याचा प्रभाव पाहता ते योग्य वाटते. सुरुवात जॅझपासून व्हावी याला कारण आहे. एकाच बैठकीत तेच गाणे दोन-तीनदा मुद्रित होई आणि प्रत्येक वेळी वादक वेगळे काही वाजवीत. त्यामुळे कोणता ‘टेक’, म्हणजे कोणत्या वेळचे मुद्रण, बाजारात आला हे ठरवणे रसिकांना आवश्यक होते. लिखित स्वरलिपीवर चालणाऱ्या पाश्चात्त्य अभिजात संगीतात ही निकड तितकी नव्हती. ख्याल-ठुमरीच्या सूचीला जॅझची पद्धत सहज लागू पडते ती याचमुळे.

भारतातील पहिले ध्वनिमुद्रण : या प्रश्नावर सूचीशास्त्राचा उपयोग सर्वांत स्पष्ट दिसतो. ग्रामोफोन कंपनीचा तज्ज्ञ फ्रेडरिक विल्यम गैसबर्ग १९०२ च्या ऑक्टोबरअखेर कोलकात्यास पोहोचला आणि नोव्हेंबरात त्याने मुद्रणास आरंभ केला. लोकप्रिय लेखनात पहिल्या गायिकेचा मान गौहर जान यांना दिला जातो. तारीख बहुतेक ठिकाणी ११ नोव्हेंबर, क्वचित १४ नोव्हेंबर अशी आढळते. ऑस्ट्रेलियन सूचीकार मायकेल किनियर यांनी १८९९ ते १९०८ या काळातील मुद्रणांची सूची १९९४ मध्ये मुंबईतून प्रसिद्ध केली. त्यांच्या मांडणीनुसार गौहर जान यांच्या आधी, ८ नोव्हेंबर रोजी, शशीमुखी व फणीबाला या कोलकात्याच्या क्लासिक थिएटरमधील दोन तरुण गायिकांचे मुद्रण झाले. मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे मुद्रणाच्या वेळी मूळ चकतीवर कोरलेले क्रमांक, कामाच्या ओघात चढत जात असल्याने आठवणी आणि वृत्तपत्रांतील मजकूर यांपेक्षा हा पुरावा वजनदार ठरतो. किनियर यांचे मत स्वीकारण्यास हरकत दिसत नाही. गौहर जान यांचे मोठेपण त्याने उणावत नाही, पण त्या दोघी नाटकमंडळीतल्या मुलींची नावे पहिल्या ओळीत लिहिली गेलीच पाहिजेत.

‘पहिले’ याचा अर्थ ‘भारतभूमीवरील पहिले’ असा न घेता ‘भारतीय आवाजाचे पहिले’ असा घेतला, तर उत्तर पुन्हा बदलते. १८९९ च्या सुमारास लंडनमध्ये कॅप्टन भोलानाथ, डॉ. हरनामदास आदींचे पठण व गायन मुद्रित झाले होते. शिवाय फोनोग्राफच्या मेणनळ्या जमेस धरल्या, तर कोलकात्याचे हेमेंद्रमोहन बोस यांच्यासारख्या उद्योजकांचे कामही विचारात घ्यावे लागते. तेव्हा माध्यम, स्थळ आणि प्रकाशन या तिन्ही अटी सांगितल्याखेरीज ‘पहिले’ हा शब्द सूचीत वापरू नये.

गौहर जान यांच्या मुद्रणाच्या शेवटी ‘माय नेम इज गौहर जान’ ही घोषणा ऐकू येते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात आणि तेथील कामगारांना गायिका ओळखता यावी म्हणून ही घोषणा करवून घेत, असे सांगितले जाते. ते संभवनीय आहे. परंतु कलाकाराचे नाव उच्चारण्याची प्रथा १८९० च्या दशकातील विलायती व अमेरिकन मुद्रणांतही होती, त्यामुळे केवळ हॅनोव्हरकडे बोट दाखवणे पुरेसे नाही. कारण काहीही असो, लेबल झिजून गेलेल्या तबकडीवरील गायिका ओळखण्यास या घोषणेचा चांगला आधार मिळतो.

क्रमांक : तबकडीवर किमान दोन प्रकारचे क्रमांक असतात आणि नवख्यांच्या याद्यांतील बहुतेक घोटाळे त्यांची गल्लत झाल्याने होतात. मुद्रणाच्या वेळी मेणाच्या जाड चकतीवर खाच उमटे. तिच्यापासून धातूचा उलटा ठसा, त्यापासून ‘मदर’ हा सुलटा साचा आणि मदरपासून छपाईचे स्टॅम्पर तयार होत. मूळ चकतीवर मुद्रकाने, म्हणजे ध्वनिमुद्रण करणाऱ्या तज्ज्ञाने, कोरलेला क्रमांक या सर्व टप्प्यांतून उतरत शेवटी लाखेच्या तबकडीवर येतो. तो मॅट्रिक्स क्रमांक. लेबल आणि खाचांचा शेवट यांमधल्या गुळगुळीत पट्टीत तो असतो किंवा लेबलच्या कागदाखाली दबलेला असतो. तबकडी डोळ्यांसमोर आडवी धरून एका बाजूने प्रकाश पाडला म्हणजे तो वाचता येतो. समोरून प्रकाश टाकल्यास बहुधा काहीच दिसत नाही. ग्रामोफोन कंपनीच्या सुरुवातीच्या मॅट्रिक्स क्रमांकांना जोडलेल्या अक्षरावरून मुद्रक कोण आणि तबकडी सात, दहा की बारा इंची, हेही कळते.

लेबलवर छापलेला दुसरा क्रमांक विक्रीचा, म्हणजे कॅटलॉग क्रमांक. ग्रामोफोन कंपनीने आरंभी भाषाप्रदेश आणि आवाजाचा प्रकार यांनुसार क्रमांकांचे गट पाडले होते. भारतीय दहा इंची तबकड्यांत १२००० पासूनचा गट पुरुषांच्या आणि १३००० पासूनचा स्त्रियांच्या आवाजासाठी होता. हजाराचा गट संपला की आकड्यापूर्वी २-, ३- असा उपक्रमांक जोडून तोच गट पुन्हा चालवीत; ‘८-१२...’ असा आकडा दिसला की आठव्या फेरीतील पुरुषस्वर, असे समजावे. पुढे दोन्ही बाजूंनी वाजणाऱ्या तबकड्या आल्या तेव्हा वेगवेगळ्या बैठकींतील, कधी वेगवेगळ्या वर्षांतील दोन बाजू एका तबकडीत जोडल्या गेल्या. बाजूंचे जुने क्रमांक राहिले आणि जोडीला तिसरा, संपूर्ण तबकडीचा क्रमांक मिळाला. म्हणून नोंदीचे एकक ‘तबकडी’ नसून ‘बाजू’ असले पाहिजे. तबकडीला एकच तारीख देणाऱ्या याद्या या ठिकाणी हमखास चुकतात.

१९०८ पासून कोलकात्यात सियालदह येथे आणि १९२८ पासून डमडम येथे तबकड्यांची छपाई होऊ लागली. डमडमच्या कारखान्यात ग्रामोफोन कंपनीची स्वतःची लेबले निघतच, पण हिंदुस्थान, मेगाफोन, सेनोला अशा बंगाली कंपन्यांच्या तबकड्याही छापल्या जात. मेगाफोनच्या क्रमांकाआधीची ‘जेएनजी’ ही अक्षरे मालक जितेंद्रनाथ घोष यांच्या नावाची आहेत. एकाच छपाईगृहातून अनेक लेबले निघत असल्याने लेबलचे नाव म्हणजे मुद्रण करणारी संस्था असे गृहीत धरता येत नाही. तेच मुद्रण आधी ‘एंजल’ची खूण असलेल्या लेबलवर, मग कुत्र्याच्या चित्राच्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’वर आणि पुढे एलपीवर (लाँग प्ले तबकडीवर) येते; मॅट्रिक्स क्रमांक जुळवला तरच ते एकच गायन असल्याचे सिद्ध होते. मुंबईच्या ‘यंग इंडिया’ लेबलने १९३० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे वीस वर्षे स्वतंत्रपणे तबकड्या काढल्या. त्यांत मराठी कलाकारांचा भरणा मोठा आहे.

नावे : ग्रंथालयशास्त्राच्या नियमाने आडनावाखाली नोंद केली तर मराठी वाचकाला हवे ते सापडत नाही. बालगंधर्व ‘राजहंस, नारायण श्रीपाद’ येथे, मास्टर कृष्णराव ‘फुलंब्रीकर’ येथे आणि मास्टर दीनानाथ ‘मंगेशकर’ येथे जातात. ‘मास्टर’ ही उपाधी असली तरी रसिकांच्या तोंडी ती नावाचाच भाग आहे. प्रसिद्ध नाव मुख्य ठेवून मूळ नावाकडून ‘पहा’ असा संदर्भ देणे हाच सोयीचा मार्ग होय. ‘मिस’, ‘बाई’, ‘जान’, ‘प्रोफेसर’, ‘खाँसाहेब’ ही लेबलवरील संबोधने मात्र गाळू नयेत. बंगाली लेबलांवर काही गायकांच्या नावापुढे ‘अमॅच्युअर’ असे छापले जाई. हा माणूस गाण्यावर पोट भरत नाही, असे त्यातून सांगायचे असे. समाज गाणाऱ्यांकडे कसा पाहत होता, याचा तो छापील पुरावा आहे. उपाधी नावात मिसळल्याचे सर्वांत दूर गेलेले उदाहरण गोव्यात जन्मलेल्या केसरबाई केरकर यांचे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात पाठवलेल्या तबकडीच्या यादीत त्यांच्या भैरवीतील ‘जात कहाँ हो’ची नोंद ‘सुरश्री केसरबाई केरकर’ अशी, उपाधीसह आहे. त्या ओळीत रागाचे नाव नाही.

प्रकार : लेबलवर ‘नाट्यपद’, ‘भावगीत’, ‘लावणी’, ‘पोवाडा’, ‘अभंग’ असे छापलेले असते, पण हे प्रकार एकमेकांना वगळणारे नाहीत. नाटकातील पद एखाद्या प्रसिद्ध चिजेवर बेतलेले असते, आणि नाटक रंगभूमीवरून उतरल्यावर तेच पद मैफलीत रागदारीच्या अंगाने गायले जाते. ते नाट्यसंगीतात घालावे की शास्त्रीय संगीतात? लेबलवरील शब्द जसाच्या तसा एका रकान्यात आणि सूचीकाराने ठरवलेला प्रकार दुसऱ्या रकान्यात द्यावा, ही किनियर यांच्यासारख्यांच्या कामावरून सुचणारी रीत सर्वांत निर्धोक वाटते. इंग्रजी कारभारात ‘महोमेडन साँग’ असा शेरा मारलेल्या तबकडीवर प्रत्यक्षात ठुमरी किंवा दादरा असू शकतो. मूळ शेरा पुसून टाकला तर कंपनीने बाजाराची विभागणी कशी केली होती हे कळण्याचा मार्ग बंद होतो.

जागतिक सूचींत हा पेच वाढतो. २००० मध्ये अमेरिकेत पोर्टलंड येथे केविन लेवांडोव्स्की याने सुरू केलेली डिस्कॉग्ज ही सूची आधी फक्त इलेक्ट्रॉनिक संगीतापुरती होती. लेबल आणि कॅटलॉग क्रमांक यांना तिथे असलेले महत्त्व त्या मुळाशी सुसंगत आहे. तिने ठरवलेल्या पंधरा मुख्य प्रकारांत ‘क्लासिकल’ म्हणजे पाश्चात्त्य अभिजात. हिंदुस्थानी संगीत लोकसंगीत व जागतिक संगीताच्या गटात उपप्रकार म्हणून बसवावे लागते. अब्दुल करीम खाँ यांची किराणा गायकी तिथे लोकगीतांच्या शेजारी पाहणे मराठी रसिकाला खटकते, आणि ते खटकणे रास्त आहे. म्यूझिकब्रेन्झ या दुसऱ्या सूचीत रचना, मुद्रण आणि प्रकाशन हे स्तर वेगळे ठेवलेले असल्याने एक बंदिश आणि तिची अनेक मुद्रणे हा संबंध अधिक नीट दाखवता येतो.

वेग : तबकडीचा वेग ७८ असे म्हणण्याचा प्रघात असला तरी सुरुवातीच्या तबकड्या ७० ते ८० फेऱ्यांच्या दरम्यान कोठेही मुद्रित झालेल्या आहेत. पाश्चात्त्य रचनेत स्वरलिपीवरून मूळ पट्टी कळते, तिच्याशी जुळवून वेग ठरवता येतो. आपल्याकडे षड्ज चल, म्हणजे गायकागणिक बदलणारा, असल्याने तो आधार मिळत नाही. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजवली तर पांढरी दोनचा षड्ज जवळजवळ काळी दोनवर जातो, लय वाढते आणि आवाजाची जातच बदलते. मागे हार्मोनियम असेल तर तिच्या पट्टीवरून अंदाज बांधता येतो, पण त्या काळच्या पेट्यांची पट्टीही एकसारखी नव्हती. त्याच बैठकीतील, लागोपाठच्या मॅट्रिक्स क्रमांकांच्या तबकड्या एकत्र ऐकून साथीदार तेच असल्यास त्यांची पेटी ताडून पाहणे हा त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय. सूचीत ‘७८’ असे ठोकून देण्यापेक्षा अंदाजित वेग आणि ऐकू आलेली पट्टी दोन्ही द्यावीत.

भारतातील कार्य : येथे हे काम विद्यापीठांपेक्षा संग्राहकांनी अधिक केले. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आणि तिचे मुखपत्र यांतून अनेक कलाकारांच्या सूची प्रसिद्ध झाल्या. सुरेश चांदवणकर यांचा त्यात मोठा वाटा आहे. यंग इंडियाच्या तबकड्यांचे अंकीकरणही त्यांच्या पुढाकाराने, ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने झाले. हिंदी चित्रपटगीतांसाठी कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी दशकवार कोश सिद्ध केला. त्यात चित्रपटगीतांबरोबर तबकड्यांचे क्रमांकही येतात.

एलपीच्या काळात जॅकेटवरील मजकूर वाढला, पण मुद्रणाची तारीख क्वचितच दिली गेली. १९८० च्या दशकातील कॅसेटींची स्थिती याहून अवघड आहे. पुण्यातील अलूरकर म्युझिक हाऊसने काढलेल्या शास्त्रीय संगीताच्या कॅसेटी रसिकांनी जपल्या. परंतु लावण्या, कोळीगीते, भीमगीते आणि भजने यांच्या कॅसेटी गावोगावच्या लहान कंपन्यांनी काढल्या. कॅसेटमध्ये मॅट्रिक्स क्रमांकासारखी कोरलेली खूण नसते. क्रमांक आणि नावे डबीतल्या कागदावर असतात; तो हरवला की उरते फक्त फीत. डिजिटल प्रकाशनात प्रत्येक मुद्रणाला बारा अंकाक्षरांचा आयएसआरसी संकेतांक मिळतो. त्यातील वर्षाचे दोन अंक संकेतांक दिल्याचे असतात, मुद्रणाचे नव्हेत. १९३५ च्या नाट्यपदावर त्यामुळे २००० नंतरचे वर्ष दिसू शकते. जुन्या तबकड्यांच्या डिजिटल आवृत्त्यांची नोंद करताना या अंकांवरून काळ ठरवू नये.