राणीला विचारतंय कोण?

होळीच्या तोंडावर बेळगावकडच्या जांबोटीजवळ मामांच्या परड्यात फणसाच्या फांदीला, नवं घर शोधायला निघालेल्या सातेरी मधमाश्यांचा घोस लटकला. पपईएवढा. शेजारी धूर करायला निघालेले, तर मामा म्हणाले, "राहू दे की. राणीचा हुकूम झाला की जातील आपसूक."

तिसऱ्या दुपारी त्या उठल्या आणि ओढ्यापलीकडच्या किंजळीच्या ढोलीत शिरल्या. पण हुकूम राणीचा नव्हता. राणी अंडी घालते. घर शोधतात त्या जुन्या, रान हिंडलेल्या माश्या.

हे कळलं १९४९ मध्ये, म्युनिकला. मधमाश्यांचे अभ्यासक मार्टिन लिंडाउअर यांना थव्यावर नाचणाऱ्या माश्या मळक्या दिसल्या. कुणी काजळीने काळी, कुणी विटांच्या भुकटीने लाल. फुलावरून आलेली माशी अशी नसते. त्या पडक्या घरांतली भोकं, धुराडी बघून येत होत्या.

माशी नाचूनच इतरांना जागेचा पत्ता देते: नाचातल्या सरळ धावेवरून दिशा कळते, धाव किती वेळ चालली यावरून अंतर. जागा जितकी झकास, तितक्या फेऱ्या जास्त. पुढे दुसरे अभ्यासक थॉमस सिली यांनी अमेरिकेतल्या एका झाडं नसलेल्या बेटावर पेट्या ठेवून पाहिलं: युरोपीय माश्यांच्या थव्यांनी बहुतेक वेळा चाळीस लिटरची पेटीच निवडली, पंधराच्या सोडल्या. सगळ्या पेट्या बघून तुलना करणारी माशी जवळपास नव्हतीच.

मग जमतं कसं? मला खरी गंमत इथे वाटते. जागा कितीही आवडो, प्रत्येक खेपेला माशी आधीपेक्षा कमी नाचते, आणि शेवटी गप्प बसते. बरी जागा सांगणारी लवकर थांबते, उत्तम जागा सांगणारी उशिरा. तोवर तिने नव्या माश्या तिकडे पाठवलेल्या असतात. शिवाय प्रतिस्पर्धी जागेवरून आलेल्या माश्या नाचणारीला डोक्याने ढुशी देऊन थांबवतात. १९५६ पासून महाराष्ट्रात जाण्याच्या एकाच मागणीवर ठाम असलेल्या आम्हा सीमाभागातल्या माणसांना हे पचायला जरा जडच!

सगळ्यांचं एकमत व्हायची वाटही त्या बघत नाहीत. एका जागेवर एका वेळी वीस-तीस माश्या जमल्या की ठरलं. त्या परत येऊन बारीक पिपाणीसारखा आवाज काढतात, बाकीच्या पंखांचे स्नायू थरथरवून अंग ३५ अंशांपर्यंत तापवतात आणि थवा उठतो. वाट ठाऊक असते मोजक्यांनाच. त्या दुपारी घोंघावणाऱ्या ढगाच्या वरच्या अंगाने काही माश्या ओढ्याच्या रोखाने बाणासारख्या सुटताना मी पाहिल्या होत्या. मामा मात्र ढगात राणी शोधत होते. ती होती की, त्याच गर्दीत कुठेतरी, इतरांच्या मागोमाग.