घरातली बुरशी: तब्येतीवरचे परिणाम आणि चाचणीचं खरंखोटं

पावसाळा लागला की आमच्याकडे येणाऱ्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भिंतीवर काळं आलंय, टेस्टिंगचे किती घेता?" दर सांगण्याआधी आम्ही जे बोलतो ते या पत्रकात लिहिलं आहे. बहुतेक घरांत बुरशीची प्रयोगशाळेत तपासणी करायची गरज नसते. पाणी कुठून येतंय ते शोधायची गरज असते. यात आमचा धंदा थोडा बुडतो, पण निदान खोटं बोलावं लागत नाही.

आधी, ती बुरशीच आहे का?

भिंतीच्या पायाशी पांढरी भुकटी दिसते, पुट्टीचे पोपडे सुटतात, बोट लावलं तर पीठ हाताला येतं. हा बहुधा लोणा असतो, म्हणजे विटा-प्लास्टरमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येऊन सुकलेले. थोडं पाणी शिंपडा. लोणा विरघळून दिसेनासा होतो, बुरशी तिथेच राहते. लोण्याने फुफ्फुसाला काही होत नाही, पण भिंतीत ओल आहे हे तो सांगतो आणि ओल आहे तिथे आज ना उद्या बुरशी येतेच. बुरशीला डाग असतात, काळे, हिरवट, कधी करडे, आणि कुबट वास असतो. डाग दिसत नाहीत पण वास येतो, तर कपाट सरकवून मागे बघा. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला पाठ टेकवून उभं केलेलं प्लायवूडचं कपाट ही बुरशीची आवडती जागा. पुढून सनमायका चकचकीत, आणि पाठीमागची फळी वरपासून खालपर्यंत हिरवी.

"ही ती काळी बुरशी तर नाही ना?"

नाही. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ज्या म्युकरमायकोसिसने लोकांचे डोळे, जबडे गेले, त्याचा भिंतीवरच्या काळ्या डागांशी संबंध नाही. तो आजार वेगळ्या गटातल्या बुरशीचा. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा मारा झालेल्यांना तो प्रामुख्याने झाला. त्यातला काळेपणा बुरशीच्या रंगाचा नव्हे, तर मेलेल्या मांसाचा होता. भिंतीवरचं काळं बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम किंवा अ‍ॅस्परजिलसच्या जातीचं असतं. रंगावरून बुरशीची जात ठरत नाही आणि घातकपणाही ठरत नाही.

तब्येतीवर होतं ते काय

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक पुस्तिका काढली. ओलसर, बुरशी असलेल्या घरात राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा बळावण्याचा धोका जास्त, असं तिचं म्हणणं आहे. रोजच्या भाषेत सांगायचं तर सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, नाक चोंदणं, डोळ्यांना खाज, रात्रीचा कोरडा खोकला आणि दमेकऱ्यांना धाप. गावी चार दिवस राहिल्यावर बरं वाटतं आणि घरी परतल्यावर पुन्हा सुरू होतं, असं असेल तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दम्याच्या काही रुग्णांना अ‍ॅस्परजिलसची तीव्र अ‍ॅलर्जी होते आणि छातीच्या एक्स-रेवर डाग दिसतात. आपल्याकडे ते टीबीचे समजून टीबीची औषधं सुरू होण्याचे प्रकार घडतात. दमा आहे, टीबीचं औषध चालू आहे पण उतार नाही, अशा वेळी अ‍ॅस्परजिलसच्या आयजीई रक्तचाचणीबद्दल छातीरोगतज्ज्ञांना विचारा. औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.

विदर्भ-मराठवाड्यातल्या ग्राहकांनी भिंतीइतकंच कूलरकडेही बघावं. देशातल्या १९ शहरांतल्या फुफ्फुसाच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात श्वासावाटे आत जाणाऱ्या कणांच्या अ‍ॅलर्जीने फुफ्फुस घट्ट होत जाणारे रुग्ण सर्वांत जास्त निघाले आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा एअर कूलरशी संबंध आला होता. वर्षानुवर्षं न बदललेली गवताची ताटी आणि टाकीतलं साचलेलं पाणी यांवरून येणारा गार वारा रात्रभर तोंडावर घेऊ नका. हंगामाच्या सुरुवातीला ताट्या बदला, टाकी वरचेवर रिकामी करून घासा.

केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा जुना दमा असलेले कुणी घरात असेल तर साफसफाईच्या वेळी त्यांना त्या खोलीत, शक्यतो त्या घरातच ठेवू नका.

चाचणी: केव्हा पैसे वाया, केव्हा कामाची

ऑनलाइन मिळणारी पेट्री डिश उघडी ठेवलीत तर तीत बुरशी उगवणारच, अगदी कोरड्या घरातही. हवेत बीजाणू, म्हणजे बुरशीचं डोळ्यांना न दिसणारं बी, कायम असतात. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. यंत्राने हवेचा नमुना घेतला तरी तो त्या काही मिनिटांचा असतो. त्याच वेळी घराबाहेरचा नमुना घेतला नसेल तर आकड्याला अर्थ नाही, कारण पावसाळ्यात बाहेरच बीजाणू भरपूर असतात. "इतके बीजाणू म्हणजे सुरक्षित" अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनेही घालून दिलेली नाही. डाग डोळ्यांना दिसत असताना त्याची जात विचारत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

वास येतो पण काही सापडत नाही, मोठ्या कामानंतर खोली खरंच साफ झाली का बघायचंय, डॉक्टरांनीच मागितलंय किंवा प्रकरण कोर्टात जाणार आहे, तेव्हा मात्र चाचणी करा. आम्ही नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवतो. तिची एनएबीएल मान्यता (प्रयोगशाळांची गुणवत्ता तपासून दिलेली) त्याच चाचणीसाठी आहे का, हे तुम्हीही विचारून घ्या.

पाण्याचा माग

आमची मुख्य तपासणी ही. मॉइश्चर मीटरचा आकडा प्लास्टरवर तंतोतंत धरू नये, क्षार असले तर तो उगाच चढतो. म्हणून आम्ही एकाच भिंतीवर बऱ्याच जागी टेकवून ओल कोणत्या दिशेने वाढते ते बघतो. वरच्या बाथरूमची शंका असेल तर नहाणी ट्रॅप बंद करून रंगीत पाणी २४ तास साठवतो आणि खालच्या स्लॅबवर लक्ष ठेवतो. घरच्या घरी करायचं तर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा. दोन दिवसांनी भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील तर दोष घरातल्या दमट हवेचा, म्हणजे आत वाळत घातलेले कपडे आणि बंद खिडक्या.

वाद टाळायला एक गोष्ट: गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, टेरेस, पावसाचं पाणी आणि बाहेरचे सामाईक पाइप यांच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीची, संडास-बाथरूम-सिंकमधून होणारी अंतर्गत गळती त्या सभासदाची.

साफ करताना

गळती थांबल्याशिवाय रंग लावू नका. मेलेली बुरशीही अ‍ॅलर्जी देते, त्यामुळे तिच्यावर अँटीफंगल रंग फासून भागत नाही. सुकी घासू नका, बीजाणू घरभर उडतात. एन-९५ मास्क, हातमोजे, उघड्या खिडक्या, साबणाचं पाणी, आणि मग भिंत पूर्ण सुकवा. ब्लीच आणि बाथरूमचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. भिजलेली गादी आणि फुगलेलं प्लायवूड टाकून द्या, आत शिरलेली बुरशी निघत नाही.

आम्ही येण्याआधी

डाग पुसू नका, फोटो काढून ठेवा. कपाट भिंतीपासून हातभर पुढे घ्या. ओल बाराही महिने असते की फक्त पावसात, ते घरातल्या सगळ्यांना विचारून ठेवा, निम्मं उत्तर त्यातच मिळतं. वरच्या शेजाऱ्यांशी आधी बोला. त्यांच्या बाथरूममध्ये जायला मिळालं नाही तर आम्हाला नुसता अंदाज सांगून परत यावं लागतं, आणि भेटीचे पैसे तरीही लागतात.