हार्डवेअर गप्प बसलं तर कर्नल काय करतो?

पडद्यावर ‘बस एरर’ किंवा ‘कर्नल पॅनिक’ अशी अक्षरं उमटली, की बहुतेकांचं निदान ठरलेलं असतं: व्हायरस शिरला, नाहीतर ऑपरेटिंग सिस्टिमच कुचकामी आहे. व्हायरसचा संबंध क्वचितच असतो. दुसरा आरोप मला अन्यायाचा वाटतो, कारण पुष्कळदा त्या क्षणी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आपलं काम चोख बजावत असतो. हार्डवेअरकडून आलेल्या माहितीवर विश्वास ठेवता येत नाही, हे त्याला कळलेलं असतं. ती चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाण्याआधी थांबणं त्याने पत्करलेलं असतं.

प्रोग्रामिंग शिकणारेसुद्धा बस एरर आणि सेगमेंटेशन फॉल्ट यांत गल्लत करतात. सेगमेंटेशन फॉल्टमध्ये प्रोग्रामने मागितलेला पत्ता त्याच्या मालकीचाच नसतो. प्रोसेसरमधलं एमएमयू, म्हणजे मेमरीचे पत्ते तपासणारा भाग, त्याला जागीच अडवतं आणि मागणी चिपबाहेर पडतच नाही. हार्डवेअरच्या बस एररमध्ये परवानगी असते, पत्ता बसच्या, म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि कार्डं यांना जोडणाऱ्या, तारांवर चढतो, पण पलीकडून उत्तरच येत नाही. किंवा उत्तर येतं, पण ते खराब असल्याची खूण घेऊन येतं. (मेमरीत मॅप केलेली फाइल मागच्या मागे कुणी छोटी केली तरी लिनक्स प्रोग्रामला सिगबस, म्हणजे बस एररचाच सिग्नल देतो. तिथे हार्डवेअर निर्दोष असतं, म्हणून तो प्रकार इथे सोडून देतो.)

मोटोरोलाच्या ६८००० या १९७९ सालच्या प्रोसेसरमध्ये हा सगळा व्यवहार पिनेपिनेवर बघता येतो. प्रोसेसर पत्ता तारांवर ठेवतो, ‘ॲड्रेस स्ट्रोब’ ही पिन खाली ओढतो आणि वाट बघतो. त्या पत्त्यावरची मेमरी किंवा कार्ड तयार झालं, की ते ‘डीटॅक’ ही पिन खाली ओढतं आणि व्यवहार पुरा होतो. त्या पत्त्यावर कुणीच नसेल तर? प्रोसेसर जन्मभर वाट बघत बसेल. म्हणून बोर्ड बनवणारे एक टायमर बसवत. ठरलेल्या वेळात डीटॅक आलं नाही, की हा टायमर ‘बस एरर’ची पिन ओढायचा. मग प्रोसेसर चालू सूचना अर्धवट सोडतो आणि कोणता पत्ता होता, वाचत होतो की लिहीत होतो, कोणती सूचना चालू होती, असं एकूण ७ शब्दांचं (इथे शब्द म्हणजे १६ बिट) टिपण स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या नोंदींच्या जागेवर ठेवतो. त्यानंतर व्हेक्टर तक्त्यातल्या २ क्रमांकाच्या खणात ज्याचा पत्ता आहे, त्या कर्नलच्या फंक्शनकडे, म्हणजे हँडलरकडे, उडी घेतो. हे टिपण ठेवताना पुन्हा बस एरर आली, म्हणजे स्टॅकची मेमरीच उत्तर देईनाशी झाली, तर प्रोसेसर पूर्ण थांबतो. मग रीसेटशिवाय तो हलत नाही.

ते ७ शब्द पुरेसे नव्हते. काय झालं ते त्यांतून कळायचं, पण अर्धवट सोडलेली सूचना नेमकी तिथूनच पुढे चालवता यायची नाही. त्यामुळे आभासी मेमरी, म्हणजे मेमरीचा भाग लागेल तेव्हाच डिस्कवरून आणून सूचना पुढे चालवण्याची सोय, उभी करणं अवघड होतं. अपोलो कंपनीने आपल्या सुरुवातीच्या वर्कस्टेशनमध्ये त्यासाठी दोन ६८००० बसवले होते. १९८२च्या ६८०१०मध्ये हे टिपण २९ शब्दांचं झालं आणि अडचण सुटली.

आता मला सगळ्यात जास्त भावणारी युक्ती. यंत्र सुरू होताना आपल्याला कोणकोणती कार्डं जोडली आहेत हे कर्नलला कळायला हवं. जुन्या बसवर याची यादी कुठेही नसायची. मग कर्नल ज्या पत्त्यावर कार्ड असू शकतं, तो पत्ता सरळ वाचून बघायचा. उत्तर आलं तर कार्ड आहे, बस एरर आली तर नाही. बंद दारावर थाप मारून आत कुणी आहे का ते बघावं, तसंच हे. फक्त इथे आतून ओ आली नाही, तर थाप मारणाऱ्याच्याच जिवावर बेतायचं. कर्नलच्या स्वतःच्या कोडमध्ये आलेली बस एरर एरवी प्राणघातकच असते. मग ‘ही मी मुद्दाम ओढवून घेतली आहे’ हे हँडलरला कसं कळायचं?

बीएसडी या युनिक्सच्या शाखेतल्या कर्नलांत यासाठी ‘बॅडॲडर’ नावाचं छोटंसं फंक्शन असायचं. ते आधी आपली सध्याची जागा, म्हणजे रजिस्टरं (प्रोसेसरमधले छोटे साठवणीचे खण) आणि स्टॅकची स्थिती, नोंदवून ठेवायचं. मग ‘नोफॉल्ट’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये त्या नोंदीचा पत्ता टाकून धोक्याचा पत्ता वाचायचं. बस एरर आलीच, तर हँडलर आधी नोफॉल्ट तपासायचा. ते शून्य असेल तर पॅनिक. शून्य नसेल तर नोंदवलेल्या जागी परत उडी, आणि ‘इथे कुणी नाही’ असं उत्तर. सगळ्यांत भयंकर समजली जाणारी चूक अशी साध्या हो-नाहीच्या प्रश्नासाठी वापरता येते, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

या पद्धतीत प्रत्येक वेळी आधी नोंद करावी लागते आणि नंतर पुसावी लागते. लिनक्सने तेवढंही ठेवलं नाही. प्रोग्राम फाइलमध्ये काही लिहायला सांगतो, तेव्हा कर्नलला प्रोग्रामच्या मेमरीतून मजकूर उचलावा लागतो, आणि प्रोग्रामने दिलेला पत्ता खोटा असू शकतो. कर्नल मेमरीतल्या प्रत्येक पानाची, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्याची, चौकशी करत बसत नाही, सरळ वाचतो. पण जी सूचना घसरू शकते, तिची एक ओळ ‘एक्सेप्शन टेबल’ या वेगळ्या तक्त्यात असते: अमुक पत्त्यावरची सूचना फसली, तर तमुक पत्त्यावर जा. कर्नल बांधला जातानाच हा तक्ता क्रमाने लावून ठेवलेला असतो. काही बिघडलं की हँडलर फसलेल्या सूचनेचा पत्ता द्विभाजन शोधाने, म्हणजे दर वेळी अर्धा तक्ता वगळत, त्यात हुडकतो. सापडला तर दुरुस्तीच्या कोडकडे उडी घेतो. ते कोड रजिस्टरमध्ये उणे १४, म्हणजे ‘पत्ता चुकीचा’ याचा क्रमांक टाकतं आणि काम पुढे चालू राहतं. तक्त्यात पत्ता नसेल तर ती खरीच कर्नलची चूक. सगळं सुरळीत असताना या संरक्षणासाठी एकही जादा सूचना चालवावी लागत नाही. तक्ता कडेला पडून असतो.

मुळात हा तक्ता खोट्या पत्त्यांसाठी होता, पण पुढे तो हार्डवेअरच्या बिघाडासाठीही कामी आला. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरवर मेमरी खराब निघाली, की १८ क्रमांकाचं एक्सेप्शन (चालू काम थांबवून कर्नलला दिलेली हाक) येतं, त्याला मशीन चेक म्हणतात. लिनक्समध्ये मजकुराची नक्कल करणारं एक खास फंक्शन आहे. त्याच्या ओळींवर तक्त्यात अशी खूण असते, की इथे मशीन चेक आला तरी सावरता येईल. मग ते फंक्शन किती बाइट उरले ते सांगतं आणि परत फिरतं.

अट एकच: कोणती सूचना फसली, ते प्रोसेसरला नेमकं सांगता आलं पाहिजे. वाचताना हे जमतं, कारण उत्तरासाठी थांबावं लागतं. लिहिताना प्रोसेसर थांबत नाही, मजकूर वाटेवरच्या बफरमध्ये टाकून पुढे निघून जातो. त्या लेखनाला पलीकडे कुणीच वाली नव्हता, हे कळेपर्यंत शेकडो सूचना होऊन गेलेल्या असतात, कदाचित दुसराच प्रोग्राम चालू झालेला असतो. एआरएमच्या ६४ बिट प्रोसेसरवर अशी उशिरा आलेली तक्रार ‘एसएरर’ म्हणून येते. अशा वेळी तक्ता निरुपयोगी ठरतो, आणि लिनक्स पुष्कळदा सरळ पॅनिक होतो.

पीसीच्या पीसीआय बसचा स्वभाव आणखी वेगळा. तिथे नसलेल्या उपकरणाकडून वाचलं तर बहुधा चूक येतच नाही, सगळे बिट १ असलेलं उत्तर येतं. उत्पादक क्रमांकाच्या जागी १६ही बिट १ आले, तर तिथे कार्ड नाही असं कर्नल समजतो. खरा धोका चालू कार्ड मध्येच उपटलं जातं तेव्हा. ‘व्यस्त’ हा बिट ० होईपर्यंत वाट बघणारा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा कोड, आता कायम १च वाचणार, आणि वेळेची मर्यादा घातलेली नसेल तर त्याच फेऱ्यात अडकून पडणार. म्हणून चांगले ड्रायव्हर ३२च्या ३२ बिट १ दिसले, की आधी उपकरण जागेवर आहे का ते तपासतात.

मेमरीतला बिट उलटतो तो का? अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे तयार झालेले कण कारणीभूत असू शकतात. चिपच्या वेष्टनातल्या किरणोत्सारी अंशांतून निघणारे अल्फा कणही हे करतात, हे १९७०च्या दशकाच्या शेवटी इंटेलमधल्या संशोधनातून पुढे आलं. झिजलेली चिप आणि सैल बसलेलं कार्ड ही साधी कारणं तर आहेतच. बुध वक्री झाला की यंत्रं बिघडतात, असं सांगणाऱ्यांनी मशीन चेकची नोंद उघडून बघावी. तिच्यात बहुतेक वेळा मेमरीचा पत्ता असतो, त्यावरून खराब पट्टी शोधून बदलता येते. ग्रहाचा रकाना तिथे नाही आणि त्याची गरजही पडत नाही.

ईसीसी, म्हणजे चुका ओळखून दुरुस्त करणाऱ्या मेमरीत सहसा दर ६४ बिटांमागे ८ तपासणी बिट असतात. एक बिट उलटला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो, दोन उलटले तर फक्त कळतं. अशा दुरुस्त न होणाऱ्या पानाचं काय करायचं, हे लिनक्स ते पान कुणाचं आहे यावरून ठरवतो. डिस्कवरच्या फाइलची जशीच्या तशी प्रत असेल, तर पान फेकून देतो आणि लागेल तेव्हा डिस्कवरून पुन्हा वाचतो. कुणाला कळतही नाही. प्रोग्रामचा एकमेव डेटा त्यात असेल, तर पान वापरातून कायमचं काढतो आणि त्या प्रोग्रामला सिगबस पाठवतो, सोबत पत्ताही देतो. कर्नलची स्वतःची मेमरी निघाली, तर बहुधा इलाज नसतो.

तो प्रोग्राम म्हणजे क्यूईएमयूसारखं आभासी यंत्र, म्हणजे आपल्या आत दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालवणारा प्रोग्राम असेल, तर गोष्ट सिगबसवर संपत नाही. क्यूईएमयू तो सिग्नल झेलतं, पत्त्याचं रूपांतर करतं आणि आत चाललेल्या कर्नलला मशीन चेक आल्यासारखं दाखवतं. मग तो आतला कर्नल आपल्या हिशेबाने तपासतो, की ते पान फाइलची प्रत आहे, एखाद्या प्रोग्रामचं आहे की त्याचं स्वतःचं. फाइलची प्रत निघाली, तर आतला एकही प्रोग्राम बंद पडत नाही.