जिरामध्ये तिकीट रिलीजला कसं जोडायचं: परवानग्या, लागणारी माहिती आणि पद्धत

‘ही दुरुस्ती नेमकी कोणत्या व्हर्जनमध्ये गेली?’ असं सपोर्टवाल्यांनी विचारलं की टीममध्ये शोधाशोध सुरू होते. कुणी चॅट चाळतं, कुणी कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) उपसतं. जिरा (टीमची कामं आणि बग तिकिटांच्या रूपात नोंदवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर हे उत्तर तिकिटावरच सापडायला हवं. त्यासाठी दोन गाठी माराव्या लागतात: तिकीट रिलीजला बांधायचं आणि कोड तिकिटाला बांधायचा. एक गाठ मारली की दुसरी आपोआप बसते, असं धरून चालल्यानेच बहुतेक घोळ होतात.

कोणाला करता येतं?

कंपनी-मॅनेज्ड (सेटिंग्ज अ‍ॅडमिन सांभाळतात अशा) प्रोजेक्टमध्ये नवं व्हर्जन तयार करायला आणि ते ‘रिलीज्ड’ करायला ‘अ‍ॅडमिनिस्टर प्रोजेक्ट्स’ ही परवानगी लागते. तिकिटावर ‘फिक्स व्हर्जन’ (दुरुस्ती कोणत्या व्हर्जनमधून बाहेर पडणार ते सांगणारं फील्ड) भरायला मात्र ‘रिझॉल्व्ह इश्यूज’ची परवानगी हवी. तिकिटातलं बाकी सगळं बदलता येतं आणि नेमकं हेच फील्ड हाती लागत नाही, अशी तक्रार असेल तर आधी ही परवानगी तपासा. ती असेल, तर ते फील्ड स्क्रीनवरच घेतलेलं नसेल. ते काम अ‍ॅडमिनचं. टीम-मॅनेज्ड (सेटिंग्ज टीमच सांभाळते अशा) प्रोजेक्टमध्ये ‘रिलीजेस’ ही सोय आधी सेटिंग्जमधून सुरू करावी लागते.

हाताशी काय हवं?

व्हर्जनचं नाव, रिलीजची तारीख आणि तिकिटांचे क्रमांक. नावाची पद्धत एकदाच ठरवा. एकाने ‘४.२’ आणि दुसऱ्याने ‘४.२.०’ असं व्हर्जन बनवलं, तर जिराच्या लेखी ती दोन वेगळी रिलीज. कोड जोडण्यासाठी गिटहब किंवा बिटबकेट (कोड ठेवायच्या सेवा) जिराशी जोडलेलं असावं.

पद्धत

‘रिलीजेस’ पानावर व्हर्जन तयार करा आणि तिकीट उघडून ‘फिक्स व्हर्जन’मध्ये ते निवडा. शेजारचं ‘अफेक्ट्स व्हर्जन’ वेगळं: बग सापडला ते व्हर्जन तिथे जातं, दुरुस्ती जिथून बाहेर पडणार ते ‘फिक्स’मध्ये. एकच दुरुस्ती ४.१.३ आणि ४.२.० अशी दोन्हीकडे जाणार असेल तर दोन्ही नोंदवा, फील्डमध्ये एकाहून जास्त व्हर्जन बसतात.

आता दुसरी गाठ. ब्रँचच्या (कोडच्या वेगळ्या फांदीच्या) नावात, कमिटच्या संदेशात किंवा पुल रिक्वेस्टच्या (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायच्या विनंतीच्या) शीर्षकात तिकिटाचा क्रमांक घाला. समजा तो केवायसी-१४२ आहे. तो रोमन मोठ्या अक्षरांत, मधल्या आडव्या रेघेसह, तिकिटावर दिसतो तसाच लिहावा. मग तो कोड तिकिटाच्या ‘डेव्हलपमेंट’ भागात दिसू लागतो. ‘स्मार्ट कमिट’ने, म्हणजे कमिटच्या संदेशातच कमांड लिहून, तिकिटाची स्थिती बदलायची असेल तर आणखी एक अट आहे: कमिटमधला ईमेल जिरातल्या एकाच वापरकर्त्याच्या ईमेलशी तंतोतंत जुळला पाहिजे. घरच्या लॅपटॉपवर गिटमध्ये वैयक्तिक जीमेल राहिलेला असतो आणि कमांड निमूटपणे वाया जाते.

ही सगळी नोंद काम हाती घेतानाच करावी. आमच्याकडे एकदा रिलीजच्या संध्याकाळी साठेक तिकिटं एका झटक्यात निवडून व्हर्जन भरलं होतं. त्यात अर्धवट कामंही गेली आणि रिलीज नोट्समध्ये ग्राहकाला न दिलेल्या सुविधा छापून आल्या.

रिलीजच्या दिवशी

आधी दोन शोध चालवा: काम पूर्ण झालेली पण ‘फिक्स व्हर्जन’ रिकामं असलेली तिकिटं, आणि व्हर्जन भरलेलं पण काम बाकी असलेली. व्हर्जनच्या पानावरच्या सूचनाही बघा. तिकीट पूर्ण आणि पुल रिक्वेस्ट अजून उघडी, अशा जोड्या तिथे दिसतात. मात्र त्या दुसरी गाठ मारलेली असेल तरच.

‘रिलीज’ दाबल्यावर निकाली न निघालेली तिकिटं पुढच्या व्हर्जनमध्ये हलवायची की तशीच ठेवायची, हे जिरा विचारतं. हलवाच. इथे ‘डन’ (पूर्ण) स्थितीतली तिकिटंही बाकी म्हणून मोजलेली दिसली तर वर्कफ्लोत (तिकिटाच्या टप्प्यांच्या क्रमात) ‘रिझोल्यूशन’, म्हणजे तिकीट कसं निकाली निघालं ते सांगणारं फील्ड, भरलं जात नाहीये असं समजा.

नावाची चूक नंतर कळली तरी हरकत नाही; व्हर्जनचं नाव बदललं की सगळ्या तिकिटांवर बदलतं. एकाच रिलीजची दोन व्हर्जन झाली असतील तर ती ‘मर्ज’ (एकत्र) करता येतात. पण मर्ज उलटवता येत नाही, म्हणून कोणतं नाव ठेवायचं ते टीमला विचारून मगच बटण दाबा.