बॅरल सरळ, पण स्टॉक लवचीक

मे महिन्यात वर्धा-यवतमाळकडे कुठे .२२ रायफलचा सराव चालला असेल तर जरा उभं राहून बघा. सकाळी ५० मीटरवरच्या पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातात. दुपारी त्याच रायफलचा ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, वर, डावीकडे, कुठेही पसरतो. निकाल लगेच लागतो: “बॅरलच वाकडं हाये ना भाऊ!” दुसरा दुर्बिणीला दोष देतो, तिसरा गोळ्यांच्या डबीला. बॅरल, म्हणजे नळी, ज्यावर बसते त्या प्लॅस्टिकच्या स्टॉककडे, म्हणजे दस्त्याकडे, मात्र फारसं कुणी बघत नाही.

स्वस्त स्टॉक बऱ्याचदा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा असतो. त्याचा पुढचा भाग, म्हणजे फोरएंड, आतून पोकळ, वरून उघडा आणि मध्ये पातळ फासळ्या. गोळी सुटताना बॅरलला मोकळेपणी थरथरता यावं म्हणून दोघांमध्ये फट ठेवतात. पण पालथं पडून स्लिंग (दंडाला अडकवायचा पट्टा) ताणला किंवा रायफल वाळूच्या पिशवीवर दाबली, की फोरएंड वाकून बॅरलला टेकतो.

एवढ्याशा टेकण्यानं काय होणार? हिशेब करू. ६० सेंटीमीटर बॅरलचं तोंड ०.१ मिलिमीटर कलंडलं तरी ५० मीटरवर गोळी किमान ८ मिलिमीटर सरकते. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल निशाणावर दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं आहे. हा दाब दर वेळी सारखा असता तर काहीच अडलं नसतं, दुर्बीण तेवढी फिरवून घेतली असती. काही कारागीर तर फोरएंडच्या टोकाशी मुद्दाम ठरावीक दाब ठेवतात. खरा त्रास बदलत्या दाबाचा. स्लिंग जरा सैल झाला, पिशवी दोन बोटं पुढे सरकली, की गणित बदललं. त्यात आपलं ऊन: ४५ अंशांच्या दुपारी काळं प्लॅस्टिक हवेपेक्षाही तापतं, आणि नायलॉनचा ताठपणा तापमानाबरोबर उतरत जातो. पावसाळ्यात ते ओलावा शोषून आणखी नरमतं.

खात्री करायला कागदाची एक पट्टी पुरते. रायफल रिकामी करा, बोल्ट (मागची सरकती खिट्टी) उघडून चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघा. पट्टी बॅरलखालून रिसीव्हरपर्यंत, म्हणजे बॅरल मागे ज्या धातूच्या भागात बसतं तिथपर्यंत, सरकवा, मग नेम धरताना धरता तशी रायफल पिशवीवर दाबा. पट्टी अडली तर दोषी सापडला.

फोरएंड ताठ करायला बरेच जण त्याच्या पोकळीत नुसतं इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा गोंद) ओततात. त्यानं वजन वाढतं, ताठपणा फारसा नाही. साध्या इपॉक्सीचा ताठपणा ३ गिगापास्कलच्या आसपास, अॅल्युमिनियमचा ७०, पोलादाचा २००. म्हणून आत लांबीभर दांडी हवी, आणि ती मधोमध नको. वाकताना सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या कडेला येतो, तेव्हा दांड्या कडेजवळ बसवाव्यात. अमरावतीसारख्या तिरंदाजीच्या गावात मोडका कार्बनचा बाण मिळाला तर उत्तमच: हलका आणि ताठ. कापताना तोंडाला रुमाल नव्हे, नीट मास्क लावा. त्याची धूळ वाईट.

पीळ ही वेगळी भानगड. लांबीत चिरलेला बांबू हातानं पिळता येतो, अखंड बांबू दाद देत नाही. वरून उघडा फोरएंड चिरलेल्या बांबूसारखाच वागतो. त्यामुळे दांड्यांच्या वर, बॅरलच्या खाली, एक पातळ पट्टी दोन्ही भिंतींना चिकटवून पेटी बंद केली तर बराच फरक पडतो.

नायलॉनला इपॉक्सी सहज धरत नाही. आतून पॉलिश पेपर मारा, फासळ्यांना भोकं पाडा, म्हणजे ते भोकांत शिरून अडकेल. काम पहाटे करा आणि थर पातळ ठेवा. उन्हाळ्यात जाड थर स्वतःच्याच उष्णतेनं पटकन तापतो आणि स्टॉक वाकडा करतो. परवान्याची बंदूक असेल तर परवानाधारक कारागिराकडेच न्या.

सुकल्यावर कागदाची पट्टी पुन्हा फिरवा. पट्टी मोकळी फिरली तरी ग्रुप पसरत असेल तर रिसीव्हर स्टॉकला धरणारे स्क्रू तपासा. ते सैल असले तर रिसीव्हर हलतो, आणि जोर लावून आवळले तर प्लॅस्टिक चेपतं.