मीटर शून्यावर आला म्हणून गाडी नवी होत नाही
साताऱ्यात गॅरेजवर कायम ऐकायला मिळतं, बाईकचा किलोमीटर मोजणारा मीटर बदलला की रनिंग परत शून्यापासून धरायचं. साफ चुकीचं आहे हे! मीटर फक्त मोजतो, इंजिन न चेन झिजायची ती झिजलेलीच असते. जुन्यावर ३८,४०० न नव्यावर १,२०० असतील तर गाडी ३९,६०० चाललीय, म्हणून काढायच्या आधी जुन्या मीटरचा फोटो घ्या, बिलावर आकडा लिहून घ्या न गाडी विकताना दोन्ही दाखवा. आणि केबलवाला, म्हणजे फिरणाऱ्या तारेवर चालणारा मीटर दुसऱ्या मॉडेलचा असला तर आतल्या गिअरचं प्रमाण वेगळं असू शकतं, मग तो कमीजास्त दाखवणारच. हायवेला कराडकडं जाताना किलोमीटरचे दगड बघून १० किलोमीटर मोजा, मीटरनं ११ दाखवले तर नव्या मीटरचं रीडिंग ११ नं भागून १० नं गुणायचं, मगच जुन्यात मिळवायचं.