राधानगरीचे काजवे आणि आपले हेडलाइट

मे संपत आला आणि वळवाचे दोन-चार पाऊस पडून गेले की कोल्हापुरात विचारणा सुरू होते, "राधानगरीला काजवे आले काय?" मग शनिवार-रविवारच्या संध्याकाळी भोगावतीच्या बाजूनं जाणाऱ्या रस्त्यावर गाड्या वाढतात. पूर्वी इकडं येणारा माणूस यायचा तो गवा बघायला. कोल्हापूर संस्थानाचं शिकारीचं राखीव रान असलेला दाजीपूरचा टापू 1958 साली अभयारण्य झाला, तोही गव्याच्या नावानंच. पुढं विस्तार होऊन आजचं राधानगरी अभयारण्य सुमारे 351 चौरस किलोमीटरचं आहे. पश्चिम घाटातल्या ज्या 39 जागा 2012 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या, त्यांतली ही एक. गवा दिसणं नशिबाचा भाग. काजवे मात्र हंगाम साधला तर झाडंच्या झाडं भरून दिसतात.

एवढ्या सहज दिसणाऱ्या या जिवाला आपल्यापासून होणारा त्रासही तितकाच सहज होतो. वाघाच्या वा गव्याच्या जवळ जाऊन गोंगाट केला तर त्यांना त्रास होतो. काजव्याच्या बाबतीत गोंगाट करायचीही गरज नाही, हातातली बॅटरी पुरते.

काजवा हा भुंगेऱ्यांच्या गटातला कीटक. जगात त्याच्या 2000 हून जास्त जाती आहेत. पानावर बसलेला काजवा जवळून पाहिला तर पोटाच्या टोकाशी, खालच्या बाजूला दुधी रंगाचे पट्टे दिसतात. लुकलुकणाऱ्या बऱ्याच जातींत नराला असे दोन पट्टे असतात, मादीला एकच. प्रकाश तयार होतो तो इथं. या पट्ट्यांतल्या पेशींत ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफेरेज हे विकर (एन्झाइम), पेशींना ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणू आणि ऑक्सिजन यांची त्याच्याशी गाठ पडली की रासायनिक क्रिया होते आणि तिच्यातून प्रकाश बाहेर पडतो. काजवा तळहातावर घेतला तरी ऊब जाणवत नाही. या क्रियेला एटीपी लागतो हे अमेरिकी जीवरसायनतज्ज्ञ विल्यम मॅकएलरॉय यांनी 1947 साली दाखवलं. आज अन्नप्रक्रिया कारखान्यांत स्वच्छता तपासायला हीच क्रिया वापरतात. पुसलेल्या ओट्यावर जिवाणू किंवा अन्नाचे कण उरले असतील तर त्यांच्यातल्या एटीपीमुळे चाचणीत उजेड पडतो आणि यंत्र तो मोजतं.

मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ते लुकलुकण्याचं. इतक्या चटकन दिवा लावायचा आणि विझवायचा म्हणजे ऑक्सिजनची वाट उघडायची आणि बंद करायची. प्रकाश देणाऱ्या पेशींच्या कडेला मायटोकाँड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे पेशीतले बारीक भाग, दाटीनं असतात आणि आत येणारा ऑक्सिजन ते वाटेतच वापरून टाकतात. मेंदूकडून संदेश आला की तिथं नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि मायटोकाँड्रियांचं काम क्षणभर थांबतं. तेवढ्यात ऑक्सिजन आतल्या ल्युसिफेरिनपर्यंत पोचतो आणि पट्टा उजळतो. हा उलगडा 2001 साली झाला.

हे लुकलुकणं म्हणजे नराची हाक. प्रत्येक जातीची लय वेगळी असते, आणि मादी आपल्याच जातीची लय ओळखून उत्तर देते. काही जातींत शेकडो नर एका तालात चमकतात. अमेरिकेतल्या अशाच एका जातीवर 2010 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मादीसमोर छोटे दिवे लुकलुकवले होते. दिवे एका तालात असताना तिनं भरपूर उत्तरं दिली, ताल मोडला तेव्हा ती जवळजवळ गप्प राहिली. आता अशा ठिकाणी वळणावरून एखादी गाडी हेडलाइट लावून आली तर काय होत असेल? झोत पडलेल्या भागात काजव्यांचं चमकणं मंदावतं. उजेडानं हाक दिसत नाही, उत्तरही दिसत नाही. प्रौढ काजव्याचं आयुष्य मोजक्या आठवड्यांचं, त्यामुळे वाया गेलेली प्रत्येक रात्र त्याला महागात पडते.

त्याआधीचं आयुष्य मात्र लांबलचक असतं. अंड्यातून निघालेली अळी कित्येक महिने, काही जातींत वर्षाहून जास्त काळ ओलसर मातीत आणि पालापाचोळ्यात राहते. तीही मिणमिणते. गोगलगायी आणि गांडुळं हे तिचं खाणं: चावा घेऊन भक्ष्याला लुळं करायचं, पाचक रस सोडायचा आणि पातळ झालेलं मांस शोषून घ्यायचं. उसाचा तुरा वर डोलतो, पण पीक खाली असतं. झाडावरच्या काजव्याचंही तसंच आहे. म्हणून पाचोळा पेटवणं, बांधावर तणनाशक मारणं आणि रानातल्या मोकळ्या जागेत गाड्या उभ्या करणं या तिन्ही गोष्टी काजव्याच्या मुळावर येतात.

काजवे बघायला जाणं आता जगभर चालतं. 2021 सालच्या एका आढाव्यानुसार किमान 12 देशांत मिळून वर्षाला सुमारे 10 लाख माणसं त्यासाठी जातात. मेक्सिकोतल्या त्लास्काला राज्यात ज्या काजव्यासाठी गर्दी लोटते, त्याच्या मादीला उडता येत नाही. ती जमिनीवरच असते आणि पायवाट सोडून फिरणाऱ्यांच्या पायाखाली येते. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानानं ऐन हंगामात गाड्यांसाठी सोडतीनं परवाने द्यायला सुरुवात केली. मलेशियात सेलांगोर नदीकाठी, कम्पुंग कुआंतानला, वल्ह्याच्या होडीतून काजवे दाखवतात.

राधानगरीतलं काजवा पर्यटन बंद करा, असं मी म्हणणार नाही. पावसाच्या तोंडावर घरगुती जेवण, मुक्काम आणि वाटाड्याचं काम यांतून इथल्या वाड्या-वस्त्यांना चार पैसे मिळतात. रान शाबूत ठेवण्यात ज्याचा फायदा आहे असा माणूस तिथं राहायला हवा. पण येणाऱ्यांचा उजेड मात्र रानाबाहेर थांबला पाहिजे. गाड्या गावातच, डांबरी किंवा आधीच कडक झालेल्या जागेत लावाव्यात आणि पुढं स्थानिक वाटाड्याबरोबर लहान गटानं चालत जावं. बॅटरी लागलीच तर लाल कागद गुंडाळून, जमिनीकडं धरून. लाल रंग काजव्यांच्या डोळ्यांना फारसा जाणवत नाही. मोबाइलचा फ्लॅश पूर्ण बंद. त्यानं काजव्याचा फोटो येतही नाही, पांढरी पानं तेवढी येतात. काजवा बाटलीत भरायचा नाही, हे पोरांना निघण्यापूर्वी घरीच सांगावं. आणि हॉटेलांनी व घरगुती मुक्कामवाल्यांनी त्या दोन-तीन आठवड्यांपुरते अंगणातले हॅलोजन संध्याकाळी सातनंतर बंद ठेवावेत. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात, एवढं पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलं तर तक्रारही येणार नाही.